येमेनी यहुद्यांचे चांदीचे तारकाम घराण्यांत कसे टिकले?

प्रश्न

नमस्कार. आमचे घर लातूर जिल्ह्यातील असून धंदा पिढीजात सोनारकीचा आहे. आजोबा जंत्रीतून, म्हणजे लहानमोठ्या भोकांच्या पोलादी पट्टीतून, चांदीची तार ओढून जाळीची कर्णफुले करीत. वडिलांच्या हाती आता जोडवी, वाळे आणि देवांचे टाक एवढेच काम उरले आहे, कारण बाकीचा माल राजकोटहून तयार येतो. येमेनमधील यहुदी कारागिरांच्या तारकामाची छायाचित्रे पाहिल्यापासून दोन गोष्टी जाणून घ्याव्याशा वाटतात. बापाकडून मुलाकडे जाणारे हे काम तेथे इतका काळ टिकले, ते घराण्यांनी कसब लपवून ठेवल्यामुळे की आणखी कशामुळे? आणि त्यांची रीत आपल्यापेक्षा वेगळी होती का?

प्रतिसाद १

कसब घरातच राहिले हे खरे, परंतु ते टिकले गिऱ्हाइकांमुळे, असे माझे मत आहे. येमेनमध्ये चांदीकाम प्रामुख्याने यहुद्यांच्या हाती होते आणि लग्नातले हार, ताईत ठेवण्याच्या नळ्या, जंबिया नावाच्या वाकड्या खंजिराची म्यान अशा वस्तू ते मुसलमान गिऱ्हाइकांसाठीही घडवीत. (ज्याने ती म्यान मढवावी, त्याला स्वतः खंजीर बाळगण्याची मुभा मात्र नव्हती!) १६७९ मध्ये इमामाने, म्हणजे तेथील राज्यकर्त्याने, यहुद्यांना साना व इतर गावांतून हाकलून मौझा या रखरखीत भागात धाडले, तेथे पुष्कळ माणसे दगावली, पण कारागिरांवाचून सगळ्यांचेच अडू लागल्यावर सुमारे वर्षभरात उरलेल्यांना माघारी बोलवावे लागले. पुढे १९४९-५० मध्ये सुमारे ४९,००० यहुदी विमानांनी इस्रायलला गेले, तेव्हाही निघण्यापूर्वी आपले कसब स्थानिक मुसलमानांना शिकवावे, असा इमामाचा आग्रह होता.

त्याआधीच जेरुसलेमला पोहोचलेल्या काही येमेनी कारागिरांना १९०६ मध्ये स्थापन झालेल्या बेझालेल कलाशाळेच्या कारखान्यांत काम मिळाले. तेथे हात तेच राहिले, पण गिऱ्हाईक बदलले आणि त्याबरोबर वस्तूही बदलल्या.

प्रतिसाद २

मी नांदेडकडचा कारागीर आहे, म्हणून रीतीपुरते लिहितो. येमेनमध्ये चांदीचा मोठा पुरवठा ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या नाण्यांतून होई. या नाण्यांवर साल कायम १७८० असते, वजन सुमारे २८ ग्रॅम आणि चांदी हजारात ८३३ भाग. तार जितकी बारीक, तितकी चांदी शुद्ध लागते, कारण भेसळीची तार जंत्रीत कडक होऊन तुटते. त्यामुळे नाणे मुशीत नुसते वितळवून नाजूक जाळी होत नाही.

पुढचे काम आपल्या लोकांना परके वाटणार नाही. दोन बारीक तारा पिळून चपट्या केल्या की कडेला दाणेदार नक्षी उमटते. जाड तारेची चौकट करून तिच्यात या तारांची वेटोळी दाटून बसवायची, वर टाकणखार आणि डाकाची (सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूची) पूड भुरभुरायची आणि फुंकणीने आंच द्यायची. चांदी ९६१ अंशांना वितळते, डाक त्याहून थोडा आधी, आणि सगळी कसोटी त्या थोड्याशा फरकात असते. येमेनी कामात वर रव्यांचीही, म्हणजे चांदीच्या बारीक गोळ्यांचीही, दाट पेरणी दिसते. प्रत्यक्ष शिकायचे असेल, तर करीमनगरला जाऊन पाहावे. मराठवाड्याप्रमाणे तेही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते, आणि तेथे चांदीचे तारकाम आजही चालते.

प्रतिसाद ३

पहिल्या प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त गिऱ्हाईक असून भागत नाही. आपल्याकडे चांदीची मजुरी बहुधा वजनावर धरतात. जाळीचे कर्णफूल वजनाला हलके आणि वेळेला भारी, त्यामुळे दिवसभर तार पिळणाऱ्यापेक्षा ठोकळ कडे घडवणारा जास्त कमावतो, आणि असा हिशेब असेल तर मुलगा ते काम का शिकेल? वडिलांना जाळी पुन्हा सुरू करायची असेल, तर घडणावळ नगावर सांगावी आणि सुरुवात कर्णफुलांपासूनच करावी.