युरोपातील क्रूझवर पासपोर्ट जहाजाकडे जमा करण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार.

येत्या सप्टेंबरात माझे आईवडील, माझे पती आणि मी असे चौघे भूमध्य समुद्रातील सात रात्रींच्या क्रूझला जाणार आहोत. रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरातून निघायचे, वाटेत इटलीतील मेसिना, ग्रीसमधील सान्तोरिनी बेट, तुर्कस्तानातील कुशादासी आणि पुन्हा ग्रीसमधील मिकोनोस बेट पाहायचे आणि अथेन्सच्या पिरेअस बंदरात उतरून तिथून मुंबईला परतायचे, असा बेत आहे. आईने लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात बोटीने केलेल्या प्रवासाच्या आठवणी आम्ही इतक्या वेळा ऐकल्या आहेत, की तिच्या सत्तरीनिमित्त पुन्हा एकदा तिला समुद्रावर न्यावे असे मनात होते. कुशादासी शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, असल्यामुळे एकाहून अधिक वेळा प्रवेशाची मुभा असलेला शेंगेन व्हिसा आम्ही घेतला आहे. तिथपर्यंत सगळे सुरळीत झाले.

गेल्या आठवड्यात जहाज कंपनीकडून सूचनापत्रक आले. ज्या प्रवाशांना व्हिसा लागतो त्यांचे पासपोर्ट जहाजावर चढतानाच जमा करून घेतले जातील आणि प्रवास संपताना परत दिले जातील, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ते वाचल्यापासून माझ्या वडिलांनी क्रूझला येण्यास नकार दिला आहे.

त्यांच्या नकाराचे कारण सांगितल्याशिवाय माझा प्रश्न नीट कळणार नाही. वडील १९८१ मध्ये मस्कतला एका बांधकाम कंत्राटदाराकडे फोरमन म्हणून गेले. विमानतळावर उतरल्याबरोबर कंपनीच्या माणसाने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले आणि पुढची पाच वर्षे ते कंपनीच्या तिजोरीत राहिले. १९८४ मध्ये माझी आजी गेली, तेव्हा तार मिळूनही वडिलांच्या हाती पासपोर्ट पडायला अकरा दिवस लागले आणि ते देवरुखला पोचले तेव्हा तेरावाही उरकला होता. या विषयावर ते फारसे बोलत नाहीत. मात्र यंदा व्हिसासाठी पासपोर्ट काही दिवस केंद्रात जमा होते, तेव्हा चारही पावत्या त्यांनी स्वतःच्या पाकिटात ठेवल्या होत्या आणि पासपोर्ट कुठवर आले याची ते रोज माझ्याकडून खात्री करून घेत होते.

त्यांचे म्हणणे नुसत्या भीतीपोटी आलेले नाही. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, हे १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या १७ व्या कलमात आहे, आणि तो धारकाच्या किंवा धारकाने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या ताब्यात असावा, असे पासपोर्टवर छापलेल्या सूचनांतच म्हटले आहे. वडील ते पान उघडून मला दाखवतात, आणि माझ्यापाशी उत्तर नसते.

ज्यांनी असा प्रवास केला आहे किंवा जे जहाजावर काम करतात त्यांनी कृपया सांगावे, की पासपोर्ट स्वतःकडे ठेवण्याची विनंती मान्य होते का, आणि होत नसेल तर तो घेताना पावती मिळते का. त्याहून मोठी काळजी मला दुसरीच आहे. वडिलांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. सान्तोरिनीला किंवा कुशादासीला त्यांना अचानक रुग्णालयात न्यावे लागले आणि जहाज वेळेवर सुटून गेले, तर त्यांचा पासपोर्ट कुठे असेल? हरवल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून भारतीय दूतावासाकडून भारतात परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र घेता येते, हे मला माहीत आहे. परंतु ग्रीसमधला दूतावास अथेन्सला आहे, बेटावर नाही, आणि आजारी माणसाला घेऊन तिथवर जायचे कसे? बंदरात उतरताना ओळखीसाठी जवळ काय ठेवायचे, हेही सांगावे.

वडिलांना फसवून किंवा गळ घालून न्यायचे नाही. त्यांना पटेल असे खरे उत्तर हवे आहे.

पहिला प्रतिसाद

ताई, नमस्कार. मी अकरा वर्षे प्रवासी जहाजांवर पर्सरच्या, म्हणजे प्रवाशांची कागदपत्रे आणि हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात होतो आणि पासपोर्ट गोळा करणे, लावून ठेवणे आणि परत देणे हे माझे रोजचे काम होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुमच्या मार्गात अडचणीची जागा एकच आहे, ती म्हणजे कुशादासी. सान्तोरिनी सोडताना जहाज शेंगेनबाहेर जाते आणि मिकोनोसला पुन्हा शेंगेनमध्ये येते, म्हणजे कागदोपत्री जहाजावरचा प्रत्येक माणूस एकदा बाहेर जातो आणि एकदा आत येतो. प्रवाशांची व कर्मचाऱ्यांची यादी जहाजाने बंदराला सर्वसाधारणपणे २४ तास आधी द्यावी लागते. अशा याद्यांचे नमुने १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ठरलेले आहेत. यादी गेली तरी इमिग्रेशनचे अधिकारी पहाटे जहाजावर आले, की ज्यांना व्हिसा लागतो त्यांचे मूळ पासपोर्ट मागू शकतात. त्या वेळी दोन-तीन हजार प्रवाशांपैकी तेवढ्यांना केबिनमधून उठवून आणायचे, तर जहाजाला परवानगी मिळायला दुपार होईल आणि तोवर कुणालाच खाली उतरता येणार नाही. त्यासाठी पासपोर्ट आधीच घेऊन देशवार आणि केबिन क्रमांकानुसार लावून ठेवतात. अमेरिकेच्या किंवा युरोपच्या नागरिकांचे पासपोर्ट पुष्कळदा त्यांच्याकडेच राहतात आणि आपले घेतले जातात. हे पाहून मलाही वाईट वाटत असे, परंतु त्याचे मूळ व्हिसाच्या नियमांत आहे.

स्वतःकडे ठेवण्याची विनंती मान्य होत नाही. आग्रह धरला तर धक्क्यावरच थांबवतात, म्हणून तो वाद तिथे घालू नका. पावती मात्र मागून घ्या, त्यावर पासपोर्टचा क्रमांक आहे का ते पाहा, आणि पासपोर्ट देण्यापूर्वी पहिल्या पानाचे, शेवटच्या पानाचे आणि व्हिसाच्या पानाचे फोनवर छायाचित्र घ्या. प्रत्येकाची एक छापील प्रतही जवळ असू द्या. बंदरात उतरताना जहाजाचे कार्ड हीच तुमची ओळख असते. गँगवेवर, म्हणजे जहाजातून चढण्या-उतरण्याच्या पुलाशी, ते लावले की तुमचे छायाचित्र सुरक्षारक्षकाच्या पडद्यावर येते. कार्ड, पासपोर्टची छापील प्रत आणि बंदरातील एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या स्थानिक प्रतिनिधीचा, दूरध्वनी क्रमांक या तीन गोष्टी वडिलांच्या खिशात असल्याच पाहिजेत. एजंटचा क्रमांक बहुतेक जहाजांवर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो आणि लोक नेमका तोच वाचत नाहीत.

आता तुमच्या मुख्य काळजीविषयी. प्रवाशाला जहाजावरून रुग्णालयात हलवताना त्याचा पासपोर्ट त्याच्याबरोबर किंवा एजंटच्या हाती देऊनच पाठवतात. किनाऱ्यावर असताना काही झाले तर ताबडतोब एजंटला किंवा जहाजाला कळवा, म्हणजे जहाज सुटण्यापूर्वी पासपोर्ट खाली येतो. जो प्रवासी वेळेवर परतत नाही, त्याचा पासपोर्ट जहाज सुटताना एजंटकडे सोपवण्याची पद्धत आहे, आणि तो केबिनच्या तिजोरीत असेल तर सुरक्षा अधिकाऱ्याला तिजोरी उघडावी लागते. या बाबतीत पासपोर्ट जहाजाच्या कार्यालयात असणे हेच तुमच्या वडिलांच्या सोयीचे आहे, कारण तो शोधावा लागत नाही. सान्तोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही, लहान टेंडर बोटीने जावे लागते आणि फिरा या बेटावरच्या मुख्य गावाच्या जुन्या बंदरातून वर जाण्यासाठी केबल कारची रांग असते, किंवा ५८८ पायऱ्या. स्टेंट असलेल्या माणसाने पायऱ्यांचा विचार करू नये आणि परतीच्या रांगेसाठी भरपूर वेळ राखावा.

मिकोनोसला तुम्हाला समोर बोलावण्याची शक्यता आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी पासपोर्टवरील शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंदीची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे. त्या नोंदीसाठी बोलावले तर पासपोर्ट तुमच्याच हाती देतात, तुम्ही तो अधिकाऱ्याला दाखवता आणि लगेच परत जमा करता.

शेवटचे एक सांगतो. आमचे, म्हणजे कप्तानापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्या कर्मचाऱ्यांचे पासपोर्ट आणि सीडीसी (खलाशाच्या नोकरीची नोंदपुस्तिका) त्याच कार्यालयात असत. मस्कतला तुमच्या वडिलांच्या बाबतीत जे झाले ते पासपोर्ट अडवून माणसाला अडवणे होते. इथे पासपोर्ट आठवडाभर ठेवतात तो माणसाला खाली उतरता यावे म्हणून. एवढे त्यांना माझ्या वतीने सांगा.

दुसरा प्रतिसाद

आम्ही दोघे अशाच मार्गाने जाऊन आलो. पासपोर्ट शेवटच्या संध्याकाळी रिसेप्शनवर पावती दाखवून परत मिळाले. एकच अडचण आली: सान्तोरिनीला सोन्याचे कानातले घेतले तेव्हा करपरताव्याच्या अर्जासाठी दुकानदाराने मूळ पासपोर्टच मागितला आणि छायाप्रत चालवून घेतली नाही. मोठी खरेदी करायची असेल तर ती पिरेअसला उतरल्यावर, पासपोर्ट हातात आल्यानंतर करावी. घेताना प्रत्येकाने आपापला पासपोर्ट उघडून नाव आणि छायाचित्र तपासून घ्यावे; आमच्या पुढच्या कुटुंबाला दुसऱ्याच कुणाचे दोन मिळाले होते.

मूळ प्रश्न विचारणारीकडून

दोघांचेही मनापासून आभार. पहिला प्रतिसाद मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. कर्मचाऱ्यांचे पासपोर्टही तिथेच असतात, या वाक्याला त्यांनी मला थांबवले आणि ते पुन्हा वाचायला सांगितले. रुग्णालयाविषयीचा भाग आईने दोनदा वाचून घेतला. त्यानंतर वडिलांनी पासपोर्टवरच्या सूचनांचे ते पान काढले आणि ‘धारकाने अधिकार दिलेली व्यक्ती’ या शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, की मस्कतला मला कुणी विचारलेच नव्हते. इथे मी स्वतः देईन, माझ्या नावाची पावती घेईन आणि स्वतः परत घेईन, माझ्या वतीने जावयानेही देऊ नये.

ते यायला तयार आहेत, परंतु या एका अटीवर. त्यामुळे एवढेच विचारायचे राहिले आहे, की पावती प्रत्येक प्रवाशाच्या नावाने स्वतंत्र मिळते, की एका केबिनची मिळून एकच देतात? एकच देत असतील, तर चेक-इनच्या वेळी वडिलांसाठी वेगळी मागता येते का? कुणी तशी घेतली असल्यास जरूर कळवावे.