मदत हवी आहे: लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टरांचे पेपर कसे शोधायचे?

नमस्कार मंडळी,

मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिन विभागात असिस्टंट प्रोफेसर आहे. आमच्याकडून एमडी झाल्यावर पहिल्या पाच वर्षांत कोणाचे किती पेपर छापून आले आणि त्यात मुली खरंच मागे पडतात का, हे मोजायला घेतलंय. थीसिसचं रजिस्टर मिळालं, दहा बॅचची नावं उतरवून झाली. घोडं अडलंय ते नावांपाशीच.

आपल्याकडे लग्नानंतर नुसतं आडनाव बदलत नाही, वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं. पबमेडवर (वैद्यकीय पेपर शोधायची वेबसाइट) बहुतेक वेळा दिसतात आडनाव आणि आद्याक्षरं. म्हणजे रजिस्टरातली 'कुलकर्णी एस. व्ही.' पुढे 'जाधव एस. आर.' होते आणि माझ्या तक्त्यात तिच्यापुढे शून्य पडतं. उलट 'पाटील एस.' शोधला की भलत्याच पाटलांचे पेपर त्याच्या नावावर जमा होतात. असं मोजलं तर मुली आहेत त्याहून मागे दिसतील, आणि तसा निष्कर्ष मला छापायचा नाही.

हे मी स्वतः भोगलंय. माझा एक पेपर माहेरच्या नावाने, एक सासरच्या. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) २०२२च्या नियमांत असोसिएट प्रोफेसर व्हायला दोन पेपर लागायचे, तेही पहिल्या तीन लेखकांत किंवा करस्पाँडिंग लेखक (पेपरबाबत पत्रव्यवहार करणारा) म्हणून. छाननीत माझा जुना पेपर 'नाव जुळत नाही' म्हणून बाजूला ठेवला. विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, हेलपाटे, यात तीन महिने गेले. तिसरा पेपर होता, पण तो मी बाळंतपणाच्या रजेवर असताना छापायला गेला. रात्री दोन-दोन वाजता आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून त्याचे फॉर्म मी भरले होते. माझं नाव पाचवं आलं, म्हणजे नियमाच्या हिशेबात नाहीच.

म्हणून दुसरा प्रश्न रजेचा. १८० दिवसांची रजा पाच वर्षांतून वजा करायची का? माझ्या मते दोन्ही आकडे द्यावेत, पण गाईड म्हणतात एकच ठरव. रजा संपली तरी घर संपत नाही. अमेरिकेत संशोधनासाठी अनुदान मिळालेल्या तरुण डॉक्टरांचा एक अभ्यास २०१४ साली आला. त्यात जोडीदार आणि मुलं असलेल्या स्त्रिया तशाच पुरुषांपेक्षा आठवड्याला ८.५ तास जास्त घरकामात आणि मुलांमागे होत्या. एवढ्या वेळात महिन्याभरात एका पेपरचा कच्चा मसुदा होतो.

कोणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा. एथिक्स कमिटीकडे अर्ज अजून केलेला नाही.

प्रतिसाद

मॅडम, मी पीएसएमचा, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र विभागातला. आधी एथिक्स कमिटी. रजिस्टरातली नावं ही लोकांची खासगी माहिती आहे. शोधताना विद्यार्थ्याचं नाव सोडा. थीसिसच्या विषयातले दोन-तीन शब्द, गाईडचं नाव आणि कॉलेज टाका. गाईडचं नाव सहसा बदलत नाही. थीसिसबाहेरच्या पेपरांसाठी प्रत्येकाला विचारावंच लागेल. मुलग्यांनाही तोच फॉर्म पाठवा, फक्त मुलींना विचारलंत तर तुलना बिघडेल. ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) असेल तर तोही मागा, तिथे जुनं नाव नोंदवता येतं. रजेचं म्हणाल तर प्रत्येकाचे कामाचे महिने मोजा आणि दर काढा. पहिलं नाव असलेले पेपर वेगळे मोजायला विसरू नका.

धागाकर्ती

सर, मनापासून आभार. अर्जाचा नमुना मागवलाय, तोवर बाकीची नावं बाजूला ठेवते. आज फक्त माझ्या एका मैत्रिणीला विचारून तिच्यापुरतं गाईडच्या नावाने शोधून पाहिलं. माझ्या तक्त्यात ती शून्यावर होती. पेपर सापडला. पहिलं नाव तिचंच, आडनाव सासरचं.