आईच्या हर्नियाला थ्रीडी सीटी कशाला?

सांगलीवाला: आईला सिझरच्या जुन्या टाक्यावर हर्निया झालाय, खोकली की नारळाएवढं पुढं येतंय. मिरजेतले सर्जन म्हणाले सीटी काढून थ्रीडीत बघू मग ऑपरेशनात आत बसवायच्या जाळीचं ठरवू. सोनोग्राफी झालीय की, मग बिल वाढवायला का हे?

पेठेतला: नाही ओ. जांघेतल्या साध्या हर्नियाला शक्यतो लागत नाही, टाक्यावरच्या मोठ्याला लागतं. पोटाच्या भिंतीतलं भोक किती रुंद, बाजूचे स्नायू किती शिल्लक, बाहेर आलेल्या पिशवीत आतडं किती गेलंय सगळं मोजता येतं, लईच गेलं असलं आणि एकदम आत ढकललं तर श्वासाला त्रास होतो, म्हणून काहीजण काही आठवडे आधी पोटाच्या स्नायूंत बोटॉक्स (स्नायू सैल करायचं इंजेक्शन) देतात.

कृष्णाकाठ: स्कॅनला जोर करायला लावणारेत का विचारा, नायतर झोपल्यावर आत जातंय आणि बारकं दिसतंय. सीडी मागून घ्या.

सांगलीवाला: बरं. आई म्हणतीय पट्ट्यावर भागतंय की.