‘मॅच्युअर फील्ड’ला मराठीत काय म्हणावे?

भूविज्ञानाची विद्यार्थिनी, नाशिक : जुन्या तेलक्षेत्रांच्या व्यवस्थापनावर मराठीत टिपण लिहिते आहे. उत्पादनाचे शिखर मागे पडलेले क्षेत्र म्हणजे ‘मॅच्युअर फील्ड’. मी ‘परिपक्व तेलक्षेत्र’ लिहिले, तर निफाडच्या मामांनी विचारले, “म्हणजे आता काढणीला आलंय का?” द्राक्षांच्या गावात परिपक्वचा अर्थ तोच. मग ‘संपत आलेले’ म्हणू का?

तेलविहिरींवर नोकरी केलेले, पंचवटी : मामांची शंका रास्त आहे. पण ‘परिपक्व’ टाळायला त्याहून मोठे कारण आहे, तो शब्द तुमच्याच शास्त्रात आधी गुंतलाय. उगमखडकातल्या सेंद्रिय द्रव्याला पुरेशी उष्णता, साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस, मिळाली की तेल तयार होऊ लागते. अशा खडकाला परिपक्व म्हणतात. एकाच टिपणात परिपक्व खडकात तेल जन्मणार आणि परिपक्व क्षेत्रात ते ओसरणार, वाचणाऱ्याने काय समजायचे?

‘संपत आलेले’ तर मुळीच नको. मुंबई हाय १९७४ साली सापडले, १९७६ मध्ये तेल निघू लागले, १९८०च्या दशकात शिखर आले आणि मग उतरण लागली. २००० नंतर तिथे नव्या विहिरी खोदल्या, जुन्या विहिरींना बाजूने फाटे काढले. क्षेत्र अजून चालू आहे. जगभरची सरासरी घेतली तर जमिनीतल्या मूळ तेलापैकी जेमतेम एक तृतीयांश वर येते, बाकीचे दगडाच्या छिद्रांत अडकून राहते. तेल रेटायला पाणी कुठल्या विहिरीतून आत ढकलायचे, तेलापेक्षा पाणीच जास्त देणारी विहीर कधी बंद करायची, गॅस लिफ्ट, म्हणजे विहिरीत वायू सोडून तेल हलके करून वर आणायची सोय, कुठे लावायची, हा सगळा खटाटोप त्या राहिलेल्या तेलासाठी असतो. ‘संपत आलेले’ म्हटले की टिपणाचा विषयच पुसला जातो.

मराठीच्या निवृत्त शिक्षिका, कॉलेज रोड : मग ‘प्रौढ तेलक्षेत्र’ का नको? प्रौढ माणसाचे तारुण्य सरलेले असते, कर्तेपण नाही. ‘वृद्ध’मध्ये ही छटा येत नाही.

पंचवटी : बाई, पटले. शब्द पहिल्यांदा येईल तिथे ‘उत्पादन उतरणीला लागलेले’ अशी फोड तेवढी द्यावी. आणि ‘रिझर्वॉयर’ला कृपा करून जलाशय लिहू नका, नाशिककरांच्या डोळ्यांपुढे गंगापूर धरण येईल. तिथे तळे नसते, सच्छिद्र खडक असतो. ‘साठ्याचा खडक’ म्हणा.

विद्यार्थिनी : काका, वायुक्षेत्रालाही ‘प्रौढ’ चालेल?

पंचवटी : चालेल, पण व्यवस्थापन वेगळे. वायू स्वतःच प्रसरण पावून वर येतो, त्यामुळे चांगल्या क्षेत्रातून मूळ साठ्याचा बराच मोठा भाग निघतो. तिथे पाणी आत ढकलत नाहीत. दाब घटला की काँप्रेसर बसवतात, आणि विहिरीत साचणारे पाणी वायूची वाट अडवते ते उपसत राहतात. टिपणात तेल आणि वायूची प्रकरणे वेगळी करा.