वर्गणी कशाला म्हणणाऱ्यांनो, एकदा मुद्देमाल खोलीचा चार्ज घेऊन बघा

जुना_नाझर

काल आपल्या कोर्ट कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर नव्या भरतीतल्या एकाने लिहिलं, "संघटनेला वर्षाला पाचशे कशाला द्यायचे, मिळतं काय तर एक डायरी, एक कॅलेंडर आणि अधिवेशनात जेवण." खाली चाळीस अंगठे. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, मावेना, म्हणून इथे.

डायरीचं मान्य. माझी डायरी दुधाच्या हिशोबाला जाते. पण बाबा तुला अजून मेमो आलेला नाही म्हणून तू असं बोलतोस.

2013 ला मी एका तालुका कोर्टात मुद्देमाल लिपिक होतो, म्हणजे केसमध्ये जप्त झालेल्या वस्तू सांभाळणारा. आधीच्या माणसाला दोन दिवसांत कार्यमुक्त करायचं होतं. रजिस्टरला अकराशेच्या वर नोंदी, खोलीत ट्यूबलाइट एक, तीही दाराजवळ. कुऱ्हाडी, काठ्या, रक्ताचे कपडे, पोत्यात बाटल्या, निम्मी लेबलं उंदरांनी खाल्लेली. मोजायचं म्हटलं तर महिना गेला असता. साहेब म्हणाले सही करा, केली, सगळे करतात. आठ महिन्यांनी एका चोरीच्या केसचा निकाल लागला, फिर्यादी बाई आदेश घेऊन आल्या, सीलबंद पाकीट फोडलं. रजिस्टरला "पिवळ्या धातूची पोत, अंदाजे 12 ग्रॅम". बाईंनी सोनार बरोबरच आणलेला, त्याच्या काट्यावर भरले आठ. लाखेचं सील शाबूत होतं पण ते कोण ऐकतो. दुसऱ्या दिवशी खुलासा मागवला, महिन्यात निलंबन, मग नियम 8 ची खातेनिहाय चौकशी. गावात बायकोला बायका विचारायला लागल्या.

संघटनेने एका रिटायर्ड अधीक्षकांना बचावासाठी दिलं. पाच तारखांना ते एसटीने आले, एक पैसा घेतला नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, मूळ पंचनामा बघितलास का? मी नव्हता बघितला, डोकंच चालत नव्हतं. रेकॉर्ड रूममधून काढला तर त्यात "काळ्या मण्यांसह अंदाजे 12 ग्रॅम". सोनाराने वजन करताना मणी बाजूला काढून ठेवले होते, त्याच्या लेखी ते सोनंच नाही. आणि आमच्या रजिस्टरला नोंद उतरवताना कुणीतरी "काळ्या मण्यांसह" गाळलेलं. दोन शब्दांपायी चौदा महिने अर्ध्या पगारावर काढले मी. आता सांग पाचशे जास्त की कमी.

कनिष्ठ_23

काका, तो भाऊ मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

तुमची गोष्ट वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मदत कोणी केली, त्या अधीक्षक साहेबांनी. ते सदस्य नसते तरी आले असते, माणूसच तसा असणार. याचं क्रेडिट संघटनेने का घ्यावं?

माझं ऐका. डिसेंबर 2023 ची जाहिरात, सगळ्या जिल्ह्यांत मिळून 4629 जागा, इंग्रजी 40 मराठी 30 टायपिंग, त्यातून घासून आलो. जॉइन झालो त्या आठवड्यात एक जण पावती पुस्तक घेऊन टेबलाशी उभा, "सगळे भरतात". ना कुठली माहिती ना हिशोब. मागच्या वर्षीचा जमाखर्च विचारला तर म्हणे अधिवेशनात वाचून दाखवतो. अधिवेशन कुठे तर दुसऱ्या जिल्ह्यात, आणि रजा कोणाला मिळते तर पदाधिकाऱ्यांना. आमचे सचिव बारा वर्षं एकाच टेबलावर आहेत, बदल्यांची यादी निघते तेव्हा त्यांचं नाव कसं नसतं हा संशोधनाचा विषय आहे. पाचशे रुपयांचा फायदा कोणाला होतो ते मला दिसतंय हो.

स्टेनो_ताई

+1 कनिष्ठला. आणि यात भर, मीटिंग कधी तर सहा वाजता. सहाला मी डिक्टेशन संपवून टाइप करत बसलेली असते. कार्यकारिणीत बाई एक, ती पण "महिला प्रतिनिधी", म्हणजे हळदीकुंकवाची व्यवस्था बघायला. 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, शासनाने 2018 ला काढली, माझा अर्ज तीन महिने पडून होता, मुलगी दहावीला. संघटनेच्या माणसाला म्हटलं जरा बोला साहेबांशी, तर उत्तर, "ताई, स्टेनो म्हणजे साहेबांच्या घरचेच, तुमचं तुम्हीच सांगा ना". वर्गणी मागताना मी संघटनेची आणि रजा मागताना साहेबांच्या घरची!

निवृत्त_अण्णा

ताई, ते चुकलंच, त्यावर वाद नाही. पण पोरांनो तुम्हाला इतिहास माहीत नाही. 77 चा राज्य कर्मचाऱ्यांचा संप 54 दिवस चालला, कर्णिक साहेबांच्या नेतृत्वाखाली, मी तेव्हा नुकता लागलेलो, बिनपगारी. तुम्हाला आज जे मिळतं ते आभाळातून पडलेलं नाही. शेट्टी वेतन आयोगाचा कोर्ट कर्मचाऱ्यांसाठीचा अहवाल 2003 चा, लागू करायला सुप्रीम कोर्टाला 2009 मध्ये आदेश द्यावा लागला. तो कुठल्या केसमध्ये? ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या, 1989 ची रिट. म्हणजे न्यायाधीशांना सुद्धा असोसिएशन लागते. ज्यांच्या हातात पेन आहे त्यांना लागते आणि तुम्हाला नको?

कनिष्ठ_23

अण्णा तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. केस जजेसची, आदेश जजेसच्या केसमध्ये, आपल्याला वाहत्या गंगेत हात धुवायला मिळाले. मग आपली संघटना काय करत होती? डायरी छापत होती?

निवृत्त_अण्णा

उद्धटपणा पुरे. आयोगासमोर निवेदनं कोणी दिली? रात्र रात्र बसून वेतनश्रेणीचे तक्ते कोणी केले? तुझ्या मोबाइलने?

बेलिफ_वऱ्हाडी

मुद्देमालाचं निघालंच आहे तं सांगतो, आमच्याकडे दारूच्या बाटल्या होत्या, केस 98 ची, नाशाचा आदेश झाला 2016 ला, पंचांसमोर पोती उघडली तं निम्म्या बाटल्या रिकाम्या. बूच जागेवर, दारू नाही. उडून गेली म्हणा नाहीतर काय म्हणा. खुलासा मागवला शिपायाला! तो माणूस माळकरी हो, आयुष्यात थेंब घेतला नाही त्याने. त्याने काय करावं, बाष्पीभवन होते असं लेखी लिहून दिलं, खाली शाळेतल्या विज्ञानाच्या सरांची सही घेऊन. सगळं कोर्ट हसलं. मेमो तेवढा मागे घेतला नाही पण पुढेही गेला नाही.

जुना_नाझर

विज्ञानाच्या सरांची सही, वा. आमच्याकडे आवारात एक राजदूत होती, तिच्या चाकातून कडुलिंब आलेला. गाडी सोडायचा आदेश झाला तेव्हा झाड तोडायची परवानगी कोणाची हा प्रश्न पडला.

काळा_कोट

वकील म्हणून राहवत नाही. हे सगळं तुमच्या खात्यानेच ओढवून घेतलंय. सुंदरभाई अंबालाल देसाई केस, 2002, सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलंय की मुद्देमाल पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात सडवत ठेवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, सोडा. आता तर नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 497 आहे, 14 दिवसांत यादी आणि फोटो-व्हिडिओ, पुढे 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. कायदा आहे, अंमलबजावणी करायला तुमच्याकडे माणूस नाही, आणि असला की तो टेबलावर नसतो. संघटनेने पुरणपोळीऐवजी यावर एक दिवस ट्रेनिंग घेतलं असतं तर तुमची पोत वाचली असती.

जुना_नाझर

वकीलसाहेब, पोत हरवली नव्हती. परत वाचा. वाचण्याची सवय तुमच्या लोकांना तारखेच्या आदल्या रात्रीपासूनच असते हे माहीत आहे.

आणि व्हिडिओ कशाने काढायचा? कॅमेरा कुठे ठेवायचा, पेनड्राइव्ह कोणाच्या खर्चाने, तो पेनड्राइव्ह परत मुद्देमाल खोलीतच ना? शिवाय आदेश कोण मागतं? अर्ज तुमचा पाहिजे. आरोपी सुटला की वकील गायब, गाडीचा मालक गायब, आणि झाड आमच्या नावावर.

काळा_कोट

वैयक्तिक होऊ नका. अर्ज नसला तरी कोर्ट स्वतःहून आदेश करू शकतं. आणि अर्ज दिला तर तो तीन आठवडे बेंच क्लार्कच्या गठ्ठ्यात खाली का असतो, सांगू का इथे सगळ्यांसमोर?

बेलिफ_वऱ्हाडी

सांगा की. आम्ही पण सांगतो साक्षीदाराचा पत्ता "मारुती मंदिराजवळ" एवढाच लिहून समन्स कोण काढायला लावतं. गावात मारुती तीन. आता तं मोबाइल दिला, एनस्टेप म्हणतात, जागेवर जाऊन लोकेशन टाका, फोटो टाका. रेंज नसते तिथे मी झाडावर चढलो, खोटं नाही सांगत. पेट्रोल माझं. हे संघटनेत दोनदा मांडलं, दोनदा "नोंद घेतली".

स्टेनो_ताई

विषय काय, चाललंय काय. काळा कोट आणि नाझर काका, दोघांनी बाहेर टपरीवर भेटा.

एमबीए_कोर्टवाला

मी कोर्ट मॅनेजर. आधीच सांगतो, शिव्या खायची सवय आहे. तेराव्या वित्त आयोगाने 2010 ला न्यायव्यवस्थेसाठी 5000 कोटी दिले, त्यातले 300 कोटी आमच्या पदांसाठी. एमबीए करून आलो, अपेक्षा ही की बोर्ड म्हणजे रोजच्या केसेसची यादी, प्रलंबित प्रकरणं, इमारत, रेकॉर्ड याचं व्यवस्थापन बघू. प्रत्यक्षात काय, कार्यक्रमाचे हार-तुरे आणि जनरेटरची दुरुस्ती. तुमच्या संघटनेत यायचं म्हटलं तर "तुम्ही कंत्राटी", अधिकाऱ्यांकडे गेलो तर "तुम्ही कर्मचारी". कायम करा असं सुप्रीम कोर्टाने 2018 ला सांगितलं, तरी 2025 च्या मे मध्ये परत सांगावं लागलं, नियम करा, आसामचे 2018 चे नियम नमुना म्हणून घ्या. हे पण जजेस असोसिएशनच्याच केसमध्ये बरं का अण्णा. तेव्हा संघटनेचा फायदा काय हे मला विचारा, ज्याला नव्हती त्याला विचारा.

निवृत्त_अण्णा

तुमच्याबद्दल आकस नाही. पण तीस वर्षं रोजनामा लिहिलेल्या अधीक्षकाला बाहेरून आलेला पोरगा फाइलिंग शिकवतो तेव्हा कसं वाटतं ते पण समजून घ्या.

एमबीए_कोर्टवाला

मी कोणालाच फाइलिंग शिकवलं नाही अण्णा. मला फाइलच कोणी दिली नाही.

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत म्युनिसिपल कोर्टाच्या ऑफिसात काम करते, मूळची साताऱ्याची. तुम्ही सगळे युनियन आणि प्रोफेशनल असोसिएशन यात घोळ घालताय असं वाटतं. इथे पगाराचं भांडण वेगळ्या ठिकाणी, आणि कामाची असोसिएशन वेगळी. देशपातळीवरची नॅशनल असोसिएशन फॉर कोर्ट मॅनेजमेंट 1985 ला दोन जुन्या संघटना एकत्र होऊन झाली, तिचं काम म्हणजे कोर्स, परिषदा, दुसऱ्या कोर्टाने काय केलं ते कळणं. आमच्या राज्यात म्युनिसिपल कोर्ट अॅडमिनिस्ट्रेटर व्हायला सर्टिफिकेशन लागतं, त्या परीक्षेचा अभ्यास मी असोसिएशनमधल्या बायकांबरोबर केला. मुद्देमालाची चेकलिस्ट मला कोणा साहेबाने नाही दिली, शेजारच्या गावातल्या कोर्टाच्या बाईने दिली.

बेलिफ_वऱ्हाडी

ताई तुमच्या खोलीत ट्यूबलाइट किती?

एडिसनकर

भरपूर. मुद्दा तो नाहीये दादा.

बेलिफ_वऱ्हाडी

आमचा तोच आहे.

कनिष्ठ_23

एडिसनकर ताईंचं मात्र पटलं. मला हेच पाहिजे, भाषणं नकोत. मला कोणी सांगितलं का की चार्ज घेताना रजिस्टर नुसतं न बघता पंचनाम्याशी पडताळायचं? आज नाझर काकांच्या पोस्टमधून कळलं, दीड वर्षं नोकरी झाल्यावर. खरं सांगायचं तर, हे काल ग्रुपवर लिहिलं नव्हतं, मागच्या सोमवारी मला मुद्देमालाचा चार्ज घ्यायला सांगितलाय. शुक्रवारपर्यंत. साडेसातशे नोंदी.

जुना_नाझर

अरे मग आधी बोलायचं ना गाढवा.

सही करू नकोस. म्हणजे करायला लावतील, पण सहीच्या वर लिही, "नोंदी मोजून घेतलेल्या नाहीत, सीलबंद पाकिटं न उघडता फक्त सील पाहून ताब्यात घेतली". लेखी अर्ज दे, पडताळणीसाठी मुदत आणि एक माणूस मागून, आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घे. शिक्का महत्त्वाचा. सोनं, रोख आणि हत्यार एवढंच आधी वेगळं काढ, बाकी नंतर. दारूला हात लावू नकोस. कुठलं कोर्ट ते मला खाजगीत कळव, अधीक्षक साहेबांचा नंबर देतो, आता पंच्याहत्तरीला आले पण फोन उचलतात.

काळा_कोट

सहीच्या वर काय लिहायचं ते बरोबर सांगितलंय. फक्त "सील शाबूत स्थितीत" हे शब्द घाला, आणि प्रत्येक फुटलेल्या सीलची वेगळी यादी. फी माफ.

जुना_नाझर

घाल रे ते शब्द. वकील असूनही बरोबर सांगतोय.

स्टेनो_ताई

अर्ज मी टाइप करून देते, रात्री पाठव. आणि सहाच्या मीटिंगचं मी विसरलेली नाही.

कनिष्ठ_23

थँक्यू सगळ्यांना. सचिवांबद्दल जे म्हटलं ते मागे घेत नाही. जमाखर्च मी मागणारच आहे, लेखी, आवकचा शिक्का घेऊन. पाचशे भरतो, पण डायरी नको, तिचे साठ रुपये वजा करून चारशे चाळीसची पावती द्या.

जुना_नाझर

तशी पावती फाडता येत नाही. पुस्तकावर रक्कम छापील असते. डायरी घे आणि कोणाला तरी दे.