सही आधी की ओरखडे आधी?
भावा, तुझ्या काचेच्या फुलदाणीखाली एमिल गॅले या फ्रेंच काच-कलाकाराची सही आहे म्हणून ती खरी, असं धरून चालू नकोस. रोमानियात त्या धर्तीच्या काचेवर ‘गॅले’पुढे ‘टिप’ लिहितात, म्हणजे ‘त्या प्रकारची’. काही विक्रेते तेवढं ‘टिप’ घासून काढतात. नावाशेजारी बोट फिरव, खळगा लागतो का बघ.

माझी फुलदाणी मी गुजरीतल्या ओळखीच्या सोनाराच्या भिंगाखाली धरली होती. बुडावरचे जुने ओरखडे सहीच्या रेघेपाशी येऊन तुटत होते, रेघेच्या कडा पांढऱ्या, भुकटी सांडल्यासारख्या. सही मागाहून कोरलेली! फार जीवाला लागलं. गॅले १९०४ साली गेला. त्यानंतर काही काळ कारखान्याच्या सहीत चांदणी असे. पण चांदणीही कोरता येतेच. बुडाचा फोटो तिरक्या उजेडात काढून टाक, बघतो.