आजोबांना आलेली रेडिओवाल्या मित्राची पत्रं, क्रम कसा लावू?

रामबाग_इंदूर: मंडळी, मदत हवी आहे. आजोबा इथे मालवा हाउससाठी, म्हणजे आकाशवाणीच्या इंदूर केंद्रासाठी, स्क्रिप्टं लिहायचे, त्यांचा एक कवी मित्र नागपूर केंद्रावर होता. मित्राची पत्रं आमच्याकडे आहेत पण निम्म्यांवर तारीखच नाही, नुसतं 'सोमवार, रात्र'. एकात श्रुतिकेबद्दल (रेडिओवरच्या नाटकाबद्दल) लिहिलंय की तिसऱ्या प्रवेशातलं सासूचं लांबलचक वाक्य काप, पाऊण मिनिट वाचेल, आणि लगेच खाली स्वतःची नवी कविता, अर्ध्या ओळी खोडलेल्या. क्रम लागला तर दोघांचं लिखाण कसं बदलत गेलं ते दिसेल, त्यासाठीच सगळा खटाटोप. सुरुवात कुठून करू?

टपालप्रेमी: आधी तिकिटं बघा. नये पैसे छापलेले असतील तर पत्र १ एप्रिल १९५७ नंतरचं, हे पक्कं. आणे असतील तर बहुतेक आधीचं. अंतर्देशीय असेल तर २ ऑक्टोबर १९५० च्या आधीचं नाही. शिक्का पुसट असेल तर मोबाईलचा टॉर्च आडवा धरून बघा, बरेचदा वाचता येतो.

माळवी_वाचक: मजकुरातही खुणा असतात. इंदूर केंद्र मे १९५५ ला सुरू झालं, म्हणजे 'तुमच्या केंद्रावर' असं आलं की ते पत्र त्याच सुमाराचं किंवा नंतरचं. विविध भारतीचा उल्लेख असेल तर ऑक्टोबर १९५७ च्या आसपास किंवा पुढे. आणि हिंदी कवी मुक्तिबोधांचं नाव येतं का ते जरूर शोधा! १९५० च्या दशकात ते नागपूर आकाशवाणीत होते, त्याआधी आपल्या इंदूरला होळकर कॉलेजात शिकले, भाऊ शरच्चंद्र तर मराठीतले कवी. नेमिचंद्र जैनांशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुस्तकरूपात आहे, मिळाला तर वाचा, दोन लेखक पत्रातून एकमेकांना कसे घडवतात ते त्यात दिसतं. तेव्हा बरेच कार्यक्रम थेट जायचे, टेप जपल्या गेल्याच असं नाही, त्यामुळे तुमच्या श्रुतिकेचा पुरावा कदाचित ते पत्रच असेल.

ग्रंथालयवाली: लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेप तर नकोच नको. आधी दोन्ही बाजू स्कॅन करा, पाकिटासकट. छापायचं मनात असेल तर कागद तुमचा पण मजकुराचा हक्क मित्राच्या वारसांचा, आणि लेखक हयात असताना न छापलेल्या पत्रांचा तो पहिल्यांदा छापल्यावरही ६० वर्षं राहतो. त्यांना गाठाच, आजोबांची उत्तरंही त्यांच्याकडेच असायची.

रामबाग_इंदूर: सगळ्यांचे आभार. मित्राची मुलगी पुण्यात असते असं आत्या म्हणते, आजच नंबर मागते.